बाळंतखोलीच्या दारातला चौथी पास बाक

बसा, बसा. उभं राहून पाय दुखतील, आणि आतली बातमी काही एवढ्या लवकर येत नसते. फक्त डाव्या टोकाला बसू नका, तिथं खिळा आहे. आणि एकदम उठू नका, मी हलतो. इकडंतिकडं काय बघताय? बोलतोय तो मीच. तुमच्या बुडाखालचा बाक.

गाव वाशीच्या अंगाला आहे, तेरखेड्याहून फार लांब नाही. नाव सांगत नाही. सांगितलं तर साहेबलोक मला शोधत येतील, आणि माझी नि साहेबलोकांची एकदा गाठ पडून गेली आहे. ती गोष्ट पुढं येईलच. आधी माझी जन्मकुंडली ऐका.

मी बाभळीचा. शाळेमागची बाभूळ वादळात आडवी झाली, तेव्हा गुरुजी म्हणाले, हिचे बाक करा. सुतार होता धोंडप्पा. हात सोन्याचा, पण त्या दिवशी त्याचं सगळं ध्यान येडशीच्या रामलिंगाच्या जत्रेकडं. एका हातानं रंधा मारायचा आणि दुसऱ्या हातानं टोपी सारखी करायचा. शेवटी जत्रेची गाडी आली, आणि गडी माझा चौथा पाय बोटभर तोकडा ठेवून, डाव्या टोकाचा खिळा अर्धाच ठोकून पळाला. "आल्यावर बघतो," म्हणाला. तो आला, पण मला बघायला नाही आला. तो खिळा पुढं कुणाच्या तरी दगडानं वाकला आणि त्याचा झाला आकडा. लोक म्हणतात, या बाकात दोन दोष आहेत. मी म्हणतो, माझ्याबरोबरचे सहा बिनदोषाचे बाक कधीच चुलीत गेले.

शाळेत मला चौथीच्या वर्गात ठेवलं. पोरं दरसाल पाचवीत जायची, मी चौथीतच. अशी मी वीस वर्षं चौथी शिकलो. एवढी चौथी कलेक्टरनंसुद्धा शिकली नसेल! तरी शिक्षण अर्धवटच राहिलं. एकोणीसच्या पाढ्याला रोज कुणीतरी मार खायचं, त्यामुळं तो पाढा मला रडण्याच्या आवाजातच पाठ आहे. वाचता येतं, पण अक्षर मोठं पाहिजे. जोडाक्षर आलं की मी हलतो.

माझ्या अंगावर करकटकानं कोरलेलं एक नाव आहे, हात फिरवून बघा. 'रामहरी'. लई वांड पोरगं. गुरुजींनी फळ्याकडं तोंड केलं की हा माझ्या अंगावर अक्षर गिरवायचा. फळ्यावर लिहायला सांगितलं की मात्र थरथर कापायचा. हे पोरगं लक्षात ठेवा.

पुढं गावात सरकारी दवाखाना झाला. इमारत झाली, फीत कापून झाली, फोटो काढून झाले, आणि मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की बसायला काहीच नाही. मग शाळेतून मला दोन दिवसांसाठी उसनं आणलं आणि बाळंतखोलीच्या दारात ठेवलं. ते सरकारी दोन दिवस होते. तीस वर्षं झाली, अजून संपायचेत.

आणि दवाखान्यात क्लार्क म्हणून कोण आलं? रामहरी! भांग पाडलेला, खिशाला दोन पेनं. पहिल्याच दिवशी माझ्यावर बसला, हात टेकला, तर बोटाखाली स्वतःचंच नाव. इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि गुपचूप त्यावर वर्तमानपत्र अंथरलं. तेव्हापासून तो मला ओळख दाखवत नाही. मी पण मोठ्या मनाचा आहे, महिन्यातून एखादेवेळीच त्याची पँट धरतो.

खोटं कशाला बोलू, शाळेपेक्षा मला दवाखाना आवडला. शाळेत पोरं माझ्यावर मुकाट बसायची. इथं माणसं माझ्यावर बसून काय काय करतात! बाप होणारा गडी आधी बसतच नाही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत शंभर फेऱ्या मारतो, प्रत्येकाला "किती वाजले?" विचारतो आणि घड्याळ त्याच्याच हातात असतं. शेवटी दमून बसतो, तेव्हा मी 'टक्' करून कलतो. असा उडतो, जणू त्यालाच कळा सुटल्या!

आणि विहिणी! एका टोकाला पोरीची आई, दुसऱ्या टोकाला सासू. दोघींत बोलणं नाही. मग मी जरा इकडं कलतो, जरा तिकडं कलतो.

"नीट बसा की!"

"म्या नीटच बसलेय. तुमीच हालताव."

झालं सुरू. हुंड्यातल्या पातेल्यापासून लग्नातल्या भातापर्यंत सगळं निघतं. वेळ कसा जातो कळत नाही. आणि आतून ट्यँहँ ऐकू आलं की दोघी एकमेकींच्या गळ्यात. माझे आभार कुणी मानत नाही.

आता दगडाबाईची ओळख करून देतो, कारण खरी गोष्ट तिची आहे. ती इथली आया. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती म्हणून आईबापांनी नाव ठेवलं दगडाबाई, म्हणजे कुणाची नजर लागायला नको. अठ्ठावीस वर्षं ती रोज सकाळी मला फिनेलच्या फडक्यानं पुसते आणि पुसता पुसता शिव्या देते. "मेल्या, कालच्याला पुन्हा त्या बाईचा पदर फाडलास व्हय रं?" माझ्या खिळ्याची चाल तिला एकटीला ठाऊक आहे. दोन बोटांत कापड धरून असं काही वळवते की सूतही तुटत नाही.

एरवी तोंडाची तिखट. पण कुणी येडशीचं नाव काढलं की गप्प होते. का, ते तिनं मला एकदाच सांगितलं, फडकं पिळता पिळता. तिचं पहिलं बाळंतपण आलं तेव्हा गावात दवाखाना नव्हता. जीपमध्ये घालून जिल्ह्याला निघाले होते. येडशीच्या अलीकडं, रस्त्यावरच पोर झालं. रडलं नाही. जीप तिथूनच माघारी फिरवली. त्यानंतर अकरा वर्षांनी तिला अयोध्या झाली, ती मात्र इथं, याच खोलीत. त्या दिवशी माझ्यावर तिचा नवरा बसला होता, आणि मी त्यालासुद्धा हलवलं. आता वाईट वाटतं.

अयोध्या तेरखेड्याला दिली. जावई महारुद्र दारूकाम करतो. चटकन तोंड वाकडं करू नका, शोभेची दारू! फटाके. त्याच्या अंगाला बारमाही दिवाळीचा वास. तो माझ्यावर बसला की मी मनातल्या मनात म्हणतो, बाबा, खिशात काही राहिलं नाही ना? तर यंदाच्या आषाढात अयोध्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरत होते नागपंचमीच्या सुमाराला.

आमच्या भागात पहिलं बाळंतपण माहेरात, आणि सासू जरा तिरसट असली तर दुसरंसुद्धा. हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. कुणाला माहीत नव्हतं ते आता ऐका.

त्याच आषाढात आमच्या गावच्या विठाबाईच्या लेकीचं, दैवशालाचं, इथं सिझर झालं. सासर तिचं भूमकडं. सिझरची बाई आठवडाभर राहते, म्हणजे पाचवी दवाखान्यातच येते. पाचव्या दिवशी सटवाई येऊन लेकराचं नशीब लिहिते, हा रिवाज. घरी पाटा-वरवंटा मांडतात, दिवा लावतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. इथं पाटा कुठला? सगळं माझ्यावरच मांडतात. दिवा लावायला बंदी, म्हणून मोबाईलची बॅटरी लावून ठेवतात. आमच्या अर्पिता मॅडम, म्हणजे डॉक्टरीणबाई, शिकलेल्या आहेत, पण पाचवीच्या दिवशी त्यांना माझ्या बाजूचं काही दिसत नाही. चष्मा असूनसुद्धा.

त्या संध्याकाळी हळदकुंकू होतं, खोबऱ्याची वाटी होती, पेन होतं. कागद नव्हता.

"थांब, आणते," म्हणाली दगडाबाई. रामहरी चहाला गेला होता. त्याच्या टेबलावर काचेच्या गोळ्याखाली एक कागद होता, पाठकोरा. दगडाबाईला अक्षर येत नाही. कोरी बाजू बघितली, उचलला आणि कोरी बाजू वर करून माझ्यावर मांडला. सटवाईला काय, एक बाजू पुरते.

सकाळी पंखा लावला, कागद उडाला आणि उलटा पडला.

विठाबाई हात जोडायला आली आणि तिनं अशी आरोळी ठोकली की माझा तोकडा पायसुद्धा जमिनीला टेकला. "अगं बया बया बया! सटवाईनं लिवलं! दगडे, पळ! बग की, ओळीनं लिवलंय! खाली शिक्का बी हाणलाय!"

पाच मिनिटांत सगळा वॉर्ड माझ्याभोवती. आजवर सटवाईनं शेकडो लेकरांचं लिहिलं असेल, पण दिसेल असं कुणाचं लिहिलं होतं?

"लई मोठं नशीब काढलंय नातीनं," एक म्हणाली. "टायपिंग करून दिलंय."

"कलेक्टर व्हणार, दुसरं काय!"

तेवढ्यात महारुद्र अयोध्येला तपासायला घेऊन आला. "जावई, तुमी वाचा," म्हणून विठाबाईनं कागद त्याच्या हातात दिला. तो हसत हसत वाचायला लागला आणि दुसऱ्या ओळीला त्याचं हसू गेलं. "सदर संस्थेतील प्रसूती सेवा, कार्यक्षेत्रातील लाभार्थी संख्या निकषापेक्षा कमी असल्याने, दिनांक एक ऑगस्टपासून बंद करून जिल्हा ठिकाणी वर्ग करण्यात येत आहे. प्रसूती टेबल व इतर साहित्य त्यापूर्वी हलवावे. निरुपयोगी लाकडी साहित्याचे निर्लेखन करावे."

निर्लेखन म्हणजे काय ते चौथीत शिकवत नाहीत. पण त्या खोलीच्या दारात लाकडाचा मी एकटाच. मी समजायचं ते समजलो.

दगडाबाई एवढंच म्हणाली, "म्हंजी पंचमी झाल्यावर हितं बाळातपण न्हाई?" आणि तिनं अयोध्येच्या पोटाकडं बघितलं. मग खिडकीबाहेर, येडशीच्या रस्त्याकडं.

रामहरी चहाचा कप हातात घेऊन धावत आला. "मावशी, टेबलावरचा कागद... आज्जी, तो द्या इकडं. त्याला आवक नंबर हाय."

विठाबाईनं कागद घडी करून कंबरेच्या पिशवीत घातला. "पाचवीचा कागद हाय. सटवाईनं लिवलेलं माघारी मागतूस व्हय रं?"

"सटवाईनं न्हाई आज्जी, ऑफिसनं लिवलंय."

"मंग तुज्या ऑफिसात सटवाई बसलीय म्हण की!"

रामहरी चार दिवस तो कागद दाबून बसला होता. वाईट माणूस नाही हो, भित्रा आहे. फळ्यापुढं उभं करा, थरथर कापतो. लोक चिडले. कुणी म्हणालं रास्ता रोको, कुणी म्हणालं उपोषण. विठाबाई उसळली, "पंचमीच्या तोंडावर उपास? लेकी येणार सणाला, त्यास्नी पुरणाची दिंडं करून घालायची का आमी उपाशी मरायचं?"

दगडाबाई मात्र दुपारी एकटी आली आणि रामहरीला धरून माझ्यावर बसवलं. खिळ्याच्या बाजूला.

"रामहरी, म्या अडाणी. पर गेल्या सालात म्या किती लेकरं पुसून आयांच्या कुशीत दिली, त्ये माज्या हाताला ठावं हाय. निम्मे दिवस पाठ टेकली न्हाई. मंग तुज्या कागदात कमी कशी? बाकीची काय पावसानं वाहून गेली?"

रामहरीनं जाडजूड रजिस्टर आणलं. बोट फिरवत गेला. नाव, वय, पत्ता. पत्ता बीडकडचा. पत्ता भूम. पत्ता कळंब. पत्ता पार पुण्याचा. आणि मग त्याचं बोट थांबलं.

"मावशी... फॉर्मवर 'कार्यक्षेत्रातील' असं असतंय. म्या आपल्या हद्दीतल्या पत्त्याच्याच मोजल्या. बाळातपणाला आलेल्या लेकींचा पत्ता सासरचा. त्या सगळ्या भाईर पडल्या."

"आन् आपल्या गावच्या सुना?"

"त्या त्यांच्या माहेराला जातेत की."

म्हणजे घ्या! कागदावर बघितलं तर आमच्या गावात कुणी जन्मालाच येत नव्हतं. लेकी परक्या म्हणून गाळल्या आणि सुना गावात नाहीत म्हणून गाळल्या. तीस वर्षं माझ्या कानाशी ट्यँहँ ट्यँहँ झालं, ती काय भुतं होती?

रामहरीचं तोंड एवढंसं झालं. "माझी पण लेक हितंच बाळात झाली व्हती," पुटपुटला. "तिला बी म्या मोजली न्हाई."

तो उठला, तेव्हा मी त्याची पँट सोडून दिली. माणूस एकदा खरं बोलला की मी छळत नाही.

मग ठरलं ते असं. पंचमीला गावोगावच्या लेकी माहेरी येतात. इथं बाळंत झालेल्या प्रत्येकीनं आपलं लेकरू घेऊन दवाखान्यात यायचं. झोका यंदा दवाखान्याच्या अंगणातल्या लिंबाला. फुगड्या तिथंच, लाह्या तिथंच, दिंडं तिथंच. घोषणा नाहीत, बोर्ड नाही. सण करायला सरकारची परवानगी लागत नाही.

पंचमीच्या दिवशी सकाळी मला वाटलं, जत्राच भरली. हिरव्या बांगड्या, मेंदीचे हात, एका झोक्यावर दोघी दोघी. कुणाचं कडेवरचं, कुणाचं मिशी फुटलेलं. "हे बी हितलंच," असं म्हणत एकीनं सहा फुटी पोरगं माझ्यापुढं उभं केलं. बापाला मी दोनदा पाडला होता, मला आठवलं.

आणि त्याच दिवशी साहेब आले. रणधीर साहेब, जिल्ह्याहून. एक तारखेच्या आत सामान हलवायचं म्हणून टेम्पो घेऊन आले, बरोबर पाना आणि करवत घेतलेले दोन गडी. पाना बाळंतपणाच्या टेबलासाठी. करवत माझ्यासाठी. मी धोंडप्पाला मनातल्या मनात हाक मारली.

गडी आमच्याच बाजूचे. अंगणातला झोका बघितला आणि त्यांनी करवत परत टेम्पोत ठेवली. "साहेब, आज पंचमी. आज काही चिरायचं-कापायचं नसतंय. घरी आईनं भाजी सुदिक चिरली न्हाई."

"अरे, हे सरकारी काम आहे."

"नाग काय सरकारी बघून चावतोय व्हय साहेब?"

साहेब वैतागले आणि बसले. कुठं? विचारायला नको. डाव्या टोकाला. दोन मिनिटांनी तरातरा उठायला गेले, आणि 'चर्रर्र' होणार तेवढ्यात पुन्हा खाली बसले. पँटीच्या मागच्या खिशात माझा आकडा असा काही गुंतला होता की ओढलं असतं तर शंभर लेकीबाळींसमोर पंचनामा झाला असता. कुणीतरी मलमपट्टीच्या खोलीतून कात्री आणली.

"खबरदार!" विठाबाई ओरडली. "पंचमीला कात्री लावू नका. दिवस बुडू द्या, मंग बगू."

साहेबांना दगडाबाई दाखवा, ती दोन बोटांत सोडवते, हे सगळ्या दवाखान्याला माहीत होतं. कुणी बोललं नाही. मी तर नाहीच.

मग रामहरी रजिस्टर घेऊन साहेबांच्या शेजारी बसला. हात थरथरत होते, पण बसला. नवा रकाना आखला: माहेर. लेकी एकेक करून पुढं आल्या. नाव सांगायच्या, सासर सांगायच्या, आणि माहेर कुठलं म्हणल्यावर ठणकावून आमच्या गावाचं नाव. साहेबांना ऐकण्यावाचून इलाज नव्हता. कुणी हातात लाह्या दिल्या, कुणी दिंड.

साहेब म्हणाले, "पण बाई, नियम कार्यक्षेत्राचा आहे."

विठाबाईनं विचारलं, "साहेब, तुमचा जल्म कुठला?"

"माझा? मामाच्या गावी."

"म्हंजी आईच्या माहेरी. मंग तुमच्या बापाच्या गावात इचारलं तर तुमी त्यांच्या हद्दीत जल्मला न्हाईत. आन् मामाच्या गावात इचारलं तर तुमचा पत्ता परका. मंग तुमी हायसा का न्हाईसा?"

साहेबांनी तोंडात दिंड घातलं.

तेवढ्यात अंगणात झोका थांबला. अयोध्या झोक्यावर नव्हती, बाजूला दोरी धरून उभी होती. तिनं दोरी गच्च आवळली आणि म्हणाली, "माय..."

धावपळ झाली. टेबल अजून जागेवर होतं, पाना टेम्पोतच होता. मॅडम आत गेल्या. दगडाबाई नेहमीसारखी पदर खोचून निघाली, तर मॅडमनी दारात अडवलं. "मावशी, आज सिस्टर आहेत माझ्याजवळ. आज तुम्ही आया नाही, आई आहात. बाहेर बसा."

अठ्ठावीस वर्षांत दगडाबाईनं मला पुसलं, हलवलं, शिव्या दिल्या, पण माझ्यावर ती कधी बसली नव्हती. ती उजव्या टोकाला बसली. डाव्या टोकाला साहेब, मधे रामहरीचं नाव. भिंतीपाशी महारुद्रच्या फेऱ्या सुरू झाल्या. "किती वाजले?" त्यानं साहेबांना विचारलं. घड्याळ त्याच्याच हातात होतं.

खरं सांगू? तशी संधी मला जन्मात मिळाली नसती. एका टोकाला जिल्ह्याचा साहेब, दुसऱ्या टोकाला माझी वैरीण. पण मी हललो नाही. बोटभर पाय हवेत होता, तो तसाच हवेत धरून ठेवला. कसा धरला विचारू नका. बाभळीला कळ सोसता येते.

बराच वेळ गेला. साहेब हळूच म्हणाले, "मावशी, एवढं कशाला घाबरता? जिल्ह्याला नेलं असतं तरी तिथं सगळी सोय आहे."

दगडाबाई त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "असंल की साहेब. सोय तितं हाय. पर तितं जायाला येडशीवरनं जावं लागतंय. म्या निगाले व्हते एकदा. येडशी बी आली न्हाई."

साहेबांच्या हातातलं अर्धं दिंड तसंच राहिलं. माझी कड दगडाबाईनं अशी धरली होती, जशी आत अयोध्येनं टेबलाची धरली असेल.

आणि मग, ट्यँहँ!

दगडाबाई उठली नाही. तिला उठताच येईना. डोक्यावरून पदर घेऊन तिथंच बसून रडली. साहेब एकदम उभे राहायला गेले, खिळ्यानं खाली बसवलं, तर तिथूनच ओरडले, "अहो, पेढे की जिलेबी?"

"जिलेबी!" मॅडम आतून म्हणाल्या. "दोघी छान आहेत."

महारुद्रनं पिशवीतून काहीतरी काढलं. मी डोळे मिटले, म्हटलं, आता दवाखाना उडतो. पण त्यानं भिंतीवरच्या 'शांतता राखा' पाटीकडं बघितलं आणि बाहेर जाऊन नुसत्या फुलबाज्या लावल्या, गुपचूप, एकामागून एक. भर दुपारी.

दिवस मावळल्यावर दगडाबाई साहेबांमागं आली, दोन बोटांनी कापड धरलं, वळवलं, सोडवलं. साहेब बघतच राहिले. "मावशी, तुम्हाला येत होतं?"

"येतंय की. पर दिवस बुडायचा व्हता."

साहेब हसले. टेम्पो रिकामाच गेला. जाताना रामहरीचं नवं रजिस्टर त्यांच्या काखेत होतं, आणि पँटीला भोक नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर लोक माझं नाव वाईट करतात.

आठ दिवसांनी 'बंद करणे तूर्त थांबवा' असा फोन आला आणि गौरी-गणपती झाल्यावर कागद. मॅडमनी माझ्याशेजारी उभं राहून वाचला. बंदच्या आदेशाला सहा महिने स्थगिती, माहेरवाशिणी धरून फेरमोजणी करावी.

"म्हंजी आता बंद व्हणार न्हाई?" विठाबाईनं विचारलं.

"सहा महिने नाही, आज्जी."

"आन् मंग?"

"मग बघू."

विठाबाईनं कंबरेची पिशवी सोडली आणि तो पाचवीचा कागद काढला. दगडाबाई म्हणाली, "फाडून टाक मेला!"

"सटवाईपुढं ठिवलेलं फाडता येत न्हाई," विठाबाई म्हणाली, "जाळता बी येत न्हाई. पर दाबून ठिवता येतंय." तिनं त्याच्या आठ घड्या घातल्या, दगडाबाईनं मला एका अंगानं उचललं, आणि तो कागद माझ्या तोकड्या पायाखाली सरकवला. बरोब्बर बोटभर. धोंडप्पाचं राहिलेलं काम असं सरकारी कागदानं पुरं झालं.

तेव्हापासून मी हलत नाही, मघाशी हलतो म्हणालो ती जुनी सवय. चेष्टेचा अर्धा धंदा बुडाला, पण खिळा आहे अजून. संक्रांत होऊन गेली, सहा महिने सरत आलेत. दगडाबाई या वर्षी रिटायर होणार, म्हणून सध्या शिव्या जरा जास्त देते. अयोध्येची पोर मधूनमधून आजीबरोबर येते. आजीनं काखेत धरलं की मला टेकून उभी राहते आणि माझ्या अंगावरचं 'रामहरी' चाटते. रामहरी आता त्यावर वर्तमानपत्र घालत नाही.

पोटात काही दुखत नसलं तरी येत जा. कुणाची लेक आत असेल, तिच्या माणसांबरोबर घटकाभर बसत जा. मी लाकडाचा, माझं वजन ते किती? पायाखालचा हुकूम माझ्या एकट्यानं दबत नाही. तुम्ही वर बसला की तो नीट दाबला जातो.

सरका, अजून दोघं मावतील. डावीकडं नको, सांगितलं ना!